आग्या मोहोळ, मु. पो. गोंदिया

कोणत्या ऋतूत काय पाहावे, याविषयी आपल्या देशात पूर्वसूरींनी पुष्कळ व्यवस्था लावून ठेवलेली आहे. वसंतात आम्रमंजरी पाहावी, वर्षाकाळी मयूर पाहावा, शरदात चंद्र पाहावा आणि ग्रीष्मात, डोक्यावर कवेलूंचे का होईना पण छप्पर असेल तर, काहीही पाहावयास बाहेर पडू नये, हे सर्वमान्य आहे. परंतु रानमाश्या केव्हा पाहाव्यात याबद्दल एकाही आचार्याने चकार शब्द लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. भ्रमरावाचून ज्यांचा एक श्लोक पुढे सरकत नाही अशा कवींनीही तो भ्रमर अमुक मासी, अमुक प्रहरी, अमुक झाडावर हटकून भेटेल, असा उपयुक्त तपशील कोठे दिलेला नाही. साहजिकच गोंदिया जिल्ह्यासारख्या, धानाच्या बांध्या, मामा तलाव आणि मोहाची राने यांनी भरलेल्या मुलखात ही चौकशी करू लागलेल्या मनुष्यास शास्त्राची उणीव लोकमताने भरून काढावी लागते. आणि लोकमत या विषयावर इतके ठाम, इतके अनुभवसिद्ध आणि परस्परांशी इतके विसंगत आहे की, माश्या बाजूला ठेवून नुसते तेच गोळा करीत हिंडावे असा मोह होतो.

मंडप-बिछायतीचा धंदा करणाऱ्या गृहस्थास विचारा. तो क्षणाचाही विलंब न लावता ‘वैशाख’ म्हणून सांगेल. कारण वऱ्हाड वडाखाली उतरले, बँडवाल्याने पहिली फुंकर मारली, आचाऱ्याने चुलाण पेटविले आणि धूर सरळ वर गेला की वरची मंडळी खाली येतात, हा त्याच्या व्यवसायातील सिद्धान्त आहे, आणि अशा एका प्रसंगी साक्षात नवरदेव, बाशिंगासह, उभय पक्षांच्या पाहुण्यांना मागे टाकून धावताना त्याने पाहिलेला आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मते हा हंगाम सव्वीस जानेवारीस ऐन भरात असतो, कारण ध्वजस्तंभाच्या बरोबर वरच्या सज्जाला मोहोळ लोंबत असताना ‘सावधान’ ही आज्ञा द्यावीच लागत नाही आणि ‘विश्राम’ ही कोणी पाळत नाही. तेंदूपत्त्याच्या फडावर पुड्यांचा हिशेब ठेवणारा फडमुन्शी मे महिन्याची ग्वाही देतो. रेल्वेच्या रात्रपाळीवर आयुष्य घालविलेला मनुष्य महिना वगैरे काही न सांगता नुसतेच ‘चांदण्या रात्री’ असे म्हणतो, आणि ऐकणाऱ्यास तो कविहृदयाचा वाटतो. पण आग्या माशी खरोखरीच चांदण्यात फुलांवर कामास जाते आणि एखादे वेळी वाट चुकून दिव्याशी येऊन खाली पडते, व फलाटावर पडलेल्या माशीचा डंख शाबूत असतो, एवढाच त्याच्या बोलण्याचा आशय असतो. या सर्व साक्षी शपथेवर घेतल्या तरी खऱ्याच ठरतील. अडचण एवढीच की, माशी ज्याच्या कामात ज्या दिवशी प्रथम आडवी आली, त्या दिवशी त्याने माश्यांचे नववर्ष धरलेले असते.

आता माशीचे स्वतःचे म्हणणे काय, ते पाहू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, आठ तालुके त्याच्या वाट्यास आले, कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढल्या, शिक्के बदलले, दप्तरांची वाटणी झाली. परंतु या फेरफाराची नोटीस माश्यांवर बजावावयाची तेवढी राहून गेली. त्या अद्यापि जुन्याच हद्दी मानतात, किंवा खरे सांगावयाचे तर कोणतीच मानीत नाहीत. सालेकसा तालुक्यातील दरेकसाच्या डोंगरावर उभे राहिले म्हणजे एका अंगाला मध्य प्रदेश आणि दुसऱ्या अंगाला छत्तीसगड इतके जवळ असतात की, सकाळी महाराष्ट्राचा मकरंद उचलून दुपारी दुसऱ्या राज्यात पाणी प्यावे आणि सायंकाळी पुन्हा स्वराज्यात मुक्कामास यावे, हा माशीचा रोजचा परिपाठ असला तर त्यात नवल नाही. वाहतूक-परवाना, नाका, पावती यांपैकी तिला काहीच लागत नाही. वास्तविक १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनोपजाच्या व्याख्येत हस्तिदंत, शिंगे, रेशीम आणि कोष यांच्या पंक्तीस मध आणि मेण यांनाही मोठ्या सन्मानाने बसविलेले आहे. त्यामुळे रानातून मध नेणाऱ्या मनुष्यास हटकता येते, पण तोच मध पोटात घालून हद्दीपार जाणाऱ्या माशीपुढे कायदा हतबल होतो.

मध साठविणाऱ्या माश्यांची येथे तीन घराणी प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी सातेरी ही झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा पडक्या भिंतीच्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी बांधून पडदानशीन राहणारी, स्वभावाने समजूतदार. हिलाच माणसाने पेटीत राहण्याची सवय लावली आणि महाबळेश्वरास तिच्या नावे एक संचालनालयही थाटले. दुसरी फुलोरी, झुडपाच्या डहाळीभोवती तळहाताएवढे एकच पोळे लावते, जवळ कोणी आल्यास थोडा निषेध नोंदविते आणि तरीही तो गेला नाही तर स्वतःच निघून जाते. या दोघींना पाहण्यासाठी विशेष हंगाम लागत नाही, लागते ती चिकाटी. पण ‘रानमाशी पाहिली’ असे म्हणताना गोंदियाचा माणूस ज्या माशीविषयी बोलत असतो आणि बोलताना नकळत आपल्या मानेवरून हात फिरवितो, ती माशी म्हणजे आग्या.

आग्या माशीचे सर्व वागणे फिरतीवरच्या सरकारी अंमलदारासारखे आहे. दसरा उलटून धानाच्या लोंब्या पिवळ्या पडू लागल्या की तिची स्वारी जिल्ह्यात दाखल होते, आणि मृगाच्या सरी कोसळू लागल्या की पुढच्या मुक्कामाकडे, प्रसंगी शंभर-दोनशे किलोमीटर दूर, कूच करते. मुक्कामाची जागा निवडताना ती उंची, ऐसपैसपणा आणि प्रतिष्ठा या तिन्हींकडे लक्ष देते. रानात असेल तर सावरीची किंवा बेहड्याची आडवी फांदी, नाही तर तुटलेला कडा. आणि गावात असेल तर पाण्याची उंच टाकी, पुलाची कमान किंवा सरकारी इमारतीचा सज्जा. खाजगी घराच्या वाटेस ती सहसा जात नाही, कारण तेवढी उंची बांधण्याची ऐपत आमच्यापैकी फार थोड्यांची असते. एकाच उघड्या पोळ्याचा, तीन-तीन हात रुंदीचा हा दरबार हजारो माश्यांच्या पडद्याने झाकलेला असतो आणि गांधीलमाशीसारखा कोणी आगंतुक समोर घिरट्या घालू लागला, तर त्या पडद्यावरून, पोटे वर करीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी काही चमकती लाट धावत जाते की, आगंतुकाने काय समजावयाचे ते समजावे. ही लाट खालून, पुरेशा अंतरावरून आणि पळवाट मोकळी ठेवून पाहिली तर तिच्यासारखे दुसरे दृश्य या जिल्ह्यात नाही. आम्ही येथे वाघासही जमेस धरून बोलत आहो.

या अंमलदाराची खरी करामत पुढेच आहे. आसामात झालेल्या आणि २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जनुकांची पारख करून असे दाखविण्यात आले की, पावसाळ्यात गेलेल्या आग्या माश्यांची वसाहत पुढील हंगामात फिरून आपल्या जुन्याच जागी येते. यात चमत्कार असा की, कामकरी माशीचे आयुष्य फार थोडे. जी मंडळी ज्येष्ठात निघून गेली ती कार्तिकापर्यंत जगतच नाहीत. दीर्घायुषी असते ती एकटी राणी, आणि ती तर मिरवणुकीत मधोमध चाललेली. पुढे होऊन वाट दाखविण्याचे काम तिच्याकडे नाही. म्हणजे बदलीवरून परत आलेल्या साहेबांस बंगला तोच मिळतो, शिपाई सगळे नवे असतात, आणि त्या बंगल्याचा पत्ता मात्र त्या नव्या शिपायांसच ठाऊक असतो! हे कसे घडते याचा उलगडा शास्त्रज्ञांनी अवश्य करावा, आणि तो झाल्यावर त्याची एक नक्कल सामान्य प्रशासन विभागासही पाठवावी.

अशा थोर व्यक्तीच्या दर्शनास जाताना काही शिष्टाचार पाळावे लागतात. अत्तर लावू नये. काळी वस्त्रे टाळावीत. झाडाखाली धूर, ढोल आणि फटाका वर्ज्य समजावा. केळी खात खात जाऊ नये हे सांगितले असता लोक हसतात. परंतु डंख मारताना माशी इतरांस बोलावण्यासाठी जो गंध सोडते त्यातील एक प्रमुख द्रव्य आणि पिकलेल्या केळ्यास त्याचा वास देणारे द्रव्य ही एकच आहेत, हे ज्यास ठाऊक आहे तो दर्शन आटोपेपर्यंत आपले केळे पिशवीतही ठेवीत नाही, शेजाऱ्यास देतो. माश्या उठल्यावर काय करावे, याविषयी मात्र दोन पंथ आहेत. शहरातून आलेला सुशिक्षित मनुष्य ‘जागच्या जागी स्तब्ध उभे राहावे’ असे पुस्तकी मत मांडतो. रानातला मनुष्य मतच मांडीत नाही, कारण मत मांडण्याची वेळ येते तेव्हा तो दिसेनासा झालेला असतो. आमचा कौल दुसऱ्या पंथाला आहे. तोंड झाकून, हात न झाडता, बंद दाराच्या दिशेने शक्य तितक्या त्वरेने प्रस्थान ठेवणे हाच एक मार्ग.

मग उत्तम काळ कोणता? आमच्या मते, ज्यास मोठ्या माशीचे वैभव पाहावयाचे आहे त्याने माघ पौर्णिमेपासून चैत्राच्या अखेरीपर्यंतचा काळ धरावा, आणि त्यातही सकाळचा पहिला प्रहर. माघ पौर्णिमेस कचारगडच्या गुहांशी गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि दूरदूरच्या राज्यांतून आलेल्या माणसांनी दरेकसाचे रान गजबजून जाते. त्याच सुमारास रानातली झाडेही आपली यात्रा भरविण्याच्या तयारीत असतात. सावर पाने टाकून नुसती लाल फुले घेऊन उभी राहते. तिच्यामागून पळस पेटतो. पळसाचे खरे यजमानपद शिंजीर आणि मैना यांच्याकडे असते, माशी तेथे आगंतुक. पण आमंत्रण नसलेल्या पंगतीत जेवताना आग्या माशीस कधी संकोच वाटलेला नाही. पुढे मोह, जांभूळ, करंज, कडुनिंब असे एकामागून एक फुलत जातात आणि रानात शिरलेल्या मनुष्यास झाड दिसण्याच्या आधी ऐकू येते. फुललेल्या जांभळाखाली सकाळी सात वाजता उभे राहिले म्हणजे वर एखादी राइस मिल चालू असल्याचा भास होतो, आणि गोंदियाच्या माणसास तो भास इतका परिचयाचा असतो की तो मान वर करून पाहतसुद्धा नाही.

मोहाचे प्रकरण थोडे निराळे आहे. मोहाची फुले रात्री उमलतात, पहाटे टपटप गळतात, आणि उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन आलेली माणसे, त्यांच्याही आधी येऊन गेलेली अस्वले आणि त्यांच्यानंतर येणाऱ्या माश्या यांच्यात त्या मालाची वाटणी होते. कोणी कोणाची वेळ मोडीत नाही, हे तेथील शिस्तीचे मर्म. कारण मोडल्यास दंड जागच्या जागी वसूल होतो. फुले वेचणाऱ्या एका वृद्ध बाईंनी, झाडाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या असलेल्या आम्हांस पाहून, “का पायता जी? मोवा त खाली पडते,” असे सांगितले, आणि आम्ही माश्या पाहतो आहो हे कळल्यावर त्यांनी टोपली जरा दूर नेली.

याच मोसमात वाघ पाहावयास आलेली मंडळीही रानात असतात. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१३ च्या डिसेंबरात ही दोन्ही आसपासच्या रानांसह एकत्र करून त्यांचा व्याघ्रप्रकल्प करण्यात आला. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ वाचून येणारा वाचक निदान पायी चालण्याची आणि काहीच न दिसण्याची मनाची तयारी करून येत असे. हल्लीचा प्रवासी जिप्सीत बसून येतो, आणि ती जिप्सी वाघासाठी अर्धी घटका थांबते, गव्यासाठी थांबते, फार तर अस्वलासाठी थांबते. आग्या मोहोळ दिसल्यावर ती फक्त वेग वाढविते. एकदा एका उत्साही पाहुण्यांनी ‘थांबवा, थांबवा, मोहोळ!’ असे म्हटले असता, चालकाने आज्ञा उलट अर्थाने पाळली आणि गाडीतील इतर प्रवाशांनी त्यास मनापासून दुजोरा दिला. वाघ वर्तमानपत्रांतून जेवढा क्रूर म्हणून गाजतो, त्याच्या निम्म्याने तरी माशी गाजावयास हवी होती. परंतु तिचे छायाचित्र काढावयास थांबलेल्या मनुष्यास ते पुढे नीट दाखविता येत नाही.

फाल्गुनाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या महिन्यात वाळत घातलेल्या शुभ्र धोतरावर किंवा साहेबांच्या पांढऱ्या मोटारीवर बारीक पिवळे ठिपके उमटतात आणि होळी जवळ असल्यामुळे गल्लीतील पोरांना बोलणी बसतात. पोरे निर्दोष असतात, निदान या एका आरोपापुरती. आग्या माश्या पोळ्यातून शेकड्यांनी एकदम उठून, उंच जाऊन, देहधर्म उरकून परत येतात, आणि त्या पिवळ्या थेंबांत पचलेल्या परागांची टरफले असतात. या थेंबांनी एकदा जागतिक राजकारणही ढवळले होते. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी बर्लिन येथील भाषणात असा गंभीर आरोप केला की, आग्नेय आशियातील रानांत आकाशातून विषारी द्रव्याचा मारा होत आहे; ‘पिवळा पाऊस’ या नावाने ते प्रकरण जगभर गाजले, आणि संशयाची सुई सोव्हिएत संघाकडे वळली. पुढे हार्वर्डचे मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक टॉमस सीली यांनी थायलंडच्या रानात जाऊन, स्वतःच्या अंगावर तो पाऊस झेलून, तो आग्या माश्यांचा प्रातर्विधी असल्याचे प्रतिपादन केले. दोन महासत्तांमध्ये ज्या वस्तूवरून वितुष्ट यावे, ती वस्तू आमच्याकडे दरसाल फाल्गुनात धोतरावर पडते आणि सोडा घालून उकळल्यावर जाते, हे त्या वेळी कोणी वॉशिंग्टनला कळविले असते तर बरे झाले असते.

वैशाख लागला की मात्र सौंदर्यदृष्टी गुंडाळून ठेवावी. संयुक्त राष्ट्रांनी स्लोव्हेनियाच्या सूचनेवरून २० मे हा जागतिक मधमाशी दिन म्हणून ठरविला, आणि २०१८ पासून तो पाळला जातो. १७३४ साली त्या दिवशी बाप्तिस्मा झालेला आंतोन यान्शा हा गृहस्थ मधुमक्षिकापालनाचा आद्य गुरू, आणि त्याच्या मुलखात २० मे रोजी कुरणे फुलांनी ओसंडून जात असतील यात शंका नाही. गोंदियात त्या तारखेस पारा पंचेचाळिसाच्या घरात जाऊन बसलेला असतो आणि माशी मकरंदाची गोष्ट सोडून पाणी वाहात असते. तलावाच्या ओल्या काठावरून पाण्याचा थेंब आणावा, पोळ्यावर पसरावा आणि पंखांनी वारा घालून मेण वितळू न द्यावे, हा तिचा सारा दिनक्रम. शोध लागण्यापूर्वीपासून वाळ्याचा कूलर वापरणाऱ्या या जमातीस त्या दिवशी आपला जागतिक सत्कार चालू असल्याचे कळले, तरी तिला हजर राहण्यास सवड मिळणार नाही. त्या दिवसांत माशी पाहण्याचे हमखास ठिकाण म्हणजे बसस्थानकाजवळची रसवंती. तेथे आग्या, सातेरी आणि फुलोरी या तिन्ही घराण्यांतील मंडळी, रानात कधी न दिसणाऱ्या सलोख्याने, उसाच्या चोयट्यांवर बसलेली आढळतात, आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात माशी पडल्यास रसवंतीवाला ती चमच्याने काढून, ‘असल माल आहे म्हणून येते,’ असे प्रमाणपत्र वरून देतो.

पावसाळ्यात आग्या निघून जाते, व्याघ्रप्रकल्पाची दारे बंद होतात, आणि चार महिने पाहण्यासारखे काही नाही असे सगळे समजून चालतात. आमचा पक्षपात येथे उघड करावयास हरकत नाही: रानमाश्यांचा खरा हंगाम, आमच्या मते, याच ‘काही नाही’च्या शेवटी, भाद्रपदात सुरू होतो आणि मार्गशीर्षापर्यंत चालतो. त्यासाठी रानात जावे लागत नाही. प्रवेशशुल्क नाही, मार्गदर्शक नाही, पहाटेची रांग नाही. आपल्या अंगणातील तुळशीला मंजिऱ्या आल्या असतील तर तेथेच पाट टाकून बसावे. थोड्याच वेळात पोटावर निळ्या चकचकीत पट्ट्या असलेली एक माशी, एका जागी क्षणभरही न टेकता, बाणासारखी येते आणि जाते. ही राणी, दरबार, मध, मेण यांच्या भानगडीत नसलेली, एकटीच जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करून राहणारी माशी आहे. हिच्या जातीतले नर सायंकाळी एखाद्या वाळक्या काडीवर ओळीने येतात, जबड्याने काडी घट्ट धरतात आणि पाय सोडून लोंबकळत झोपी जातात. ब्रह्मचाऱ्यांची इतकी शांत, इतकी निरुपद्रवी आणि भाडे न थकविणारी वसतिगृहे आम्ही शहरांत पाहिलेली नाहीत.

तीच माशी परसातल्या वांग्याच्या फुलाला लोंबकळून असा काही सूर काढते की फुलाच्या बंद पुंकेसरांतून पराग झडून खाली येतात. ही विद्या मधमाशीस साध्य नाही. धानाचे फूल तर सकाळी उशिरा, जेमतेम तास-दीड तास उघडते. धानास माशीची गरज नसते, परागीभवन त्याचे तेच आटोपते. तरीही सातेरी त्या थोड्या वेळात लोंब्यांवरून पराग गोळा करून जाते, आणि बांधावर बसलेला शेतकरी विडी ओढत ही फुकटची वसुली पाहून न पाहिल्यासारखे करतो. मग कार्तिकात धुऱ्यावरची तूर फुलते. आमच्याकडे बांधीत धान आणि धुऱ्यावर तूर ही वहिवाट जुनी आहे. आणि तुरीचे पिवळे फूल उघडण्यास जरा दांडगी माशी लागते. तेथे पोटाखाली पराग लपेटलेली पानकापी माशी येते, जी एरवी गुलाबाच्या पानांना कात्रीने कापल्यासारखी अचूक गोल छिद्रे पाडून ते तुकडे आपल्या बाळंतिणीच्या खोलीस अस्तर म्हणून नेते आणि ज्या बागेतून नेते त्या बागेच्या मालकिणीस वर्षभर कीटकनाशक शोधावयास लावते. तेथे काळा, जाडजूड, निळसर पंखांचा भुंगाही येतो. काव्यात तो कमळात कोंडला जातो; प्रत्यक्षात तो गुरांच्या कोठ्यातल्या बांबूस भोक पाडून त्यात सहकुटुंब राहतो, आणि खाली सांडलेला भुसा पाहून घरधनी वाळवीच्या औषधाचा खर्च करतो. अंगावर चालून येणारा भुंगा बहुधा नर असतो आणि त्याला डंखच नसतो, ही गोष्ट आम्ही अनेकांस समजावून सांगितली. ऐकताना सर्वांनी मान डोलाविली आणि भुंगा आल्यावर सर्वांनी मान खाली घातली.

या लहान मंडळींची अडचण एकच की, त्यांना कोणी माशी मानावयास तयार नसते. मोठ्या हौसेने आलेल्या पाहुण्यास तुरीच्या धुऱ्यावर नेऊन पानकापी दाखवावी, तर तो विनयाने ‘छान आहे’ म्हणतो आणि ‘पण ती आपली… खरी रानमाशी?’ असे विचारून नजर झाडांच्या शेंड्यांकडे वळवितो. ज्या प्राण्याच्या भीतीने आपण पळालो नाही त्याला पाहिल्याचे श्रेय मनुष्य स्वतःस देत नाही. पुढे पौष-माघात धान निघालेल्या बांध्यांतून लाखोळी आणि जवस निळ्या-जांभळ्या रंगांनी भरून येतात, आणि त्यांवर या सगळ्यांची गर्दी उसळते. परंतु तोवर पाण्याच्या टाकीवर आग्या येऊन बसलेली असते आणि सर्वांचे लक्ष तिकडे लागलेले असते.

त्या टाकीवरच्या आग्याविषयी शेवटी एक हकीकत. जिल्ह्यातील एका कचेरीच्या गच्चीवरील टाकीस एके वर्षी कार्तिकात मोहोळ लागले, आणि ते काढून मिळावे असा अर्ज रीतसर आवक झाला. पहिल्या खात्याने ‘माशी वन्य असल्याने विषय आमचा नाही’ असा शेरा मारून तो दुसऱ्याकडे पाठविला. दुसऱ्याने ‘माशी वन्य असली तरी टाकी वन्य नाही’ असा बिनतोड अभिप्राय देऊन तिसऱ्याकडे. तिसऱ्याने उंच शिडीच्या मागणीसह चौथ्याकडे. आणि चौथ्याने शिडी उपलब्ध आहे, चढणारा इसम उपलब्ध नाही, असे नमूद करून पुन्हा पहिल्याकडे. या अवधीत पळस फुलून गेला, मोह गळून गेला, आणि मधल्या सुटीत मंडळी मागच्या दाराने ये-जा करू लागली. मंजुरीचा हुकूम आषाढात आला. पंच गोळा झाले, शिडी लागली आणि पंचनामा असा झाला की, ‘समक्ष पाहणी केली असता मौजे मजकुरी टाकीखाली सुमारे तीन हात लांबीचे मेणाचे रिकामे पोळे मिळून आले, संबंधित माश्या जागेवर हजर नव्हत्या.’ नव्याने रुजू झालेल्या तरुण कारकुनाने विषय निकाली निघाला असे समजून संचिकेस फीत बांधावयास घेतली, तेव्हा शेजारच्या टेबलावरील, निवृत्तीस आलेल्या बड्या बाबूंनी चष्मा वर करून त्याचा हात धरला.

“बंद कायले करता जी?” ते म्हणाले, “प्रलंबितात ठेवा. दिवाळीले येतेतच नं थे.”